ध्रुवित फोटॉन, ध्रुवीकृत फोटॉन की आणखी काही?

तिरपा_किरण: महाविद्यालयीन मुलांसाठीच्या एका विज्ञान-पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय 'स्ट्रक्चर्ड लाइट', म्हणजे ज्या लेसर शलाकेची तीव्रता, कला (फेज, म्हणजे लहर कंपनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) आणि ध्रुवण (पोलरायझेशन, म्हणजे तिचं विद्युतक्षेत्र कसं कंप पावतं ते) जागोजागी मुद्दाम वेगवेगळं राखलेलं असतं. त्याला 'घडीव प्रकाश' म्हटलंय. अडलंय ते पुढे. एका शलाकेत विद्युतक्षेत्र प्रत्येक बिंदूपाशी मध्यापासून बाहेर, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारखं असतं. ते 'अरीय ध्रुवण' झालं. पण मग त्याच शलाकेतल्या एकेका फोटॉनबद्दल, म्हणजे प्रकाशकणाबद्दल, मजकूर येतो आणि संपादक म्हणतात, 'ध्रुवीकृत फोटॉन' लिहा. मला 'कृत' खटकतं. फोटॉनवर कुणी काय केलं? शिवाय 'ध्रुवीकरण' वाचलं की हल्ली निवडणुकाच आठवतात. तुम्ही काय लिहाल?

बेसाल्ट: मराठी विश्वकोशात प्रकाशासाठी 'ध्रुवण' आहे, 'ध्रुवित प्रकाश' आहे. तोच वापरा. ध्रुवीकरण वर्तमानपत्रांना देऊन टाकू.

रानजाई: इतक्या सहज कसं देऊन टाकता? आमच्या पिढीतले कित्येक जण 'ध्रुवीकरण'च शिकले. कोशात शब्द असला म्हणून तो जिभेवर बसतोच असं नाही. मी वर्गात सरळ पोलरायझेशन म्हणते आणि मुलांना कळतं.

बेसाल्ट: ताई, खरं तर 'ध्रुव'च काढून टाकायला हवा. 1808 साली पॅरिसमध्ये मालुस हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आइसलँड स्पारच्या (पारदर्शक कॅल्साइटच्या) स्फटिकातून लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं ऊन बघत होता. स्फटिकातून दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला तशी त्यातली एक मंदावत गेली. मालुस प्रकाश म्हणजे कण असं मानणारा. त्याने धरून चाललं की या कणांना चुंबकासारखे ध्रुव असतात आणि परावर्तनाने ते एका बाजूला लागतात. त्यावरून 1811 मध्ये त्याने हा शब्द केला. पुढे फ्रेनेलने प्रकाशलहरी आडव्या कंपनाच्या असल्याचं दाखवलं. ध्रुव गेले, शब्द राहिला. तो आपण मराठीत का वाहायचा? 'कंपनदिशा' म्हणा. स्वच्छ शब्द आहे.

रानजाई: आणि वर्तुळी ध्रुवणाचं काय? तिथे दिशा क्षणोक्षणी फिरत असते, 'कंपनदिशा' कुठली सांगणार? ध्रुव गेले हेही मला पटत नाही. ध्रुवणाच्या सगळ्या अवस्था एका गोलावर मांडायची पॉयंकारेची रीत 1892 पासूनची. त्या गोलाच्या विषुववृत्तावर सगळी रेषीय ध्रुवणं आणि दोन ध्रुवांवर उजवं-डावं वर्तुळी. बंगळुरूच्या पंचरत्नम् यांनी 1956 मध्ये आपला कलाबदलाचा सुंदर निष्कर्ष याच गोलावर काढला. मालुसचे ध्रुव चुकीचे होते, पण त्याच शब्दाला पुढे खरे ध्रुव मिळाले.

मळीवाला: मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. आमच्याकडे हा शब्द केव्हाच मराठी झालाय : पोल, म्हणजे ध्रुवणावरून मोजलेलं साखरेचं प्रमाण. ब्रिक्स, पोल, प्युरिटी ही रोजची बाराखडी. 26 ग्रॅम नमुना घ्यायचा, 100 मिलिलिटरपर्यंत पाणी, गाळून 200 मिलिमीटरच्या नळीत भरायचा. जुन्या यंत्राला डोळा लावला की गोलाचे दोन अर्धे दिसायचे, एक उजळ, एक काळपट. दोन्ही एकसारखे होईस्तोवर चाकी फिरवायची आणि आकडा वाचायचा. साखर प्रकाशाचं कंपनप्रतल उजवीकडे वळवते, जितकी साखर जास्त तितकं वळण जास्त. आम्लाने साखर फुटली की द्रावण उलट डावीकडे वळवायला लागतं. 'रसाचं ध्रुवण किती' असं विचारलंत तर आमचा केमिस्ट तोंडाकडे बघत राहील. 'पोल किती आला' विचारा, लगेच सांगेल. वापरातला शब्द हाच खरा शब्द.

तिरपा_किरण: काका, फार छान सांगितलंत. उजवीकडे-डावीकडे वरून आठवलं, माझ्या पुढच्याच परिच्छेदात उजवं आणि डावं वर्तुळी ध्रुवण आहे. मी 'सव्य' आणि 'अपसव्य' योजलेत. चालतील?

बेसाल्ट: नाही! संस्कृतात सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडतो म्हणून अर्जुन सव्यसाची.

रानजाई: आपण मराठीत लिहितोय ना? जानवं डाव्या खांद्यावर ते सव्य, उजव्या खांद्यावर घेतलं की अपसव्य. त्यामुळे मराठी कानाला सव्य म्हणजे सरळ, अपसव्य म्हणजे उलटं. काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्याला सव्य म्हटलं तर कुणाला चुकल्यासारखं वाटणार नाही.

काजवा: माझ्या मते अडचण शब्दाची नाही, कुठून बघायचं याची आहे. पेणला मूर्ती घेताना आमच्या घरात वाद झाला होता. उजव्या सोंडेचा म्हणजे देवाची उजवी की आपली? आई म्हणाली देवाची, आणि मूर्ती तशीच आणली.

रानजाई: अगदी बरोबर, आणि प्रकाशातही नेमकं हेच आहे! प्रकाशशास्त्राची जुनी पुस्तकं येणाऱ्या प्रकाशाकडे तोंड करून बघतात, अँटेनावाले इंजिनिअर उगमापाशी उभे राहून. एकाच शलाकेला एक जण उजवी म्हणतो, दुसरा डावी. तेव्हा कुठून बघतोय ते पुस्तिकेत आधी लिहा, मग सव्य लिहा नाहीतर उजवं.

तिरपा_किरण: ते लिहीन. पण फोटॉनचं राहूनच गेलं.

पोकळी: मी अशा शलाकांवरच काम करतो. अरीय शलाका पडद्यावर घेतली की मधोमध काळा ठिपका आणि भोवती उजेडाचं कडं दिसतं. वाटेत पोलरॉइड (एकाच दिशेचं कंपन जाऊ देणारी पट्टी) धरलं की कड्याचे समोरासमोरचे दोन तुकडे उरतात. पोलरॉइड फिरवा, तुकडेही तितकेच फिरतात, आणि एकूण उजेड मात्र कायम निम्मा. साध्या रेषीय शलाकेत तो पार विझेपर्यंत कमी करता येतो. आता अशा शलाकेत एकच फोटॉन असेल तर? तो कुठे सापडला हे न बघता नुसतं ध्रुवण मोजलं, तर कुठलीच दिशा निवडलेली आढळत नाही. जागेसकट मोजलं तर दिशा पूर्ण निश्चित. म्हणजे 'ध्रुवित फोटॉन' अपुरं आणि 'अध्रुवित' सपशेल चूक. मी असं लिहीन : 'या फोटॉनचं ध्रुवण त्याच्या जागेशी बांधलेलं असतं.' विशेषण लावायचंच नाही.

आणखी एक. वर्तुळी ध्रुवित प्रकाशात कोनीय संवेग (अँग्युलर मोमेंटम) असतो, हे बेथने 1936 मध्ये बारीक तंतूला टांगलेल्या क्वार्ट्‌झच्या चकतीला पीळ बसतो का ते मोजून दाखवलं. 1992 मध्ये लायडनच्या गटाने भोवऱ्यासारख्या कलेच्या शलाकेतला कक्षीय कोनीय संवेग वेगळा ओळखला. अरीय शलाकेत ध्रुवणाचा आणि कक्षीय असे दोन्ही असतात, एकमेकांच्या उलट, आणि बेरीज शून्य. हे दोन संवेग तुमच्या मजकुरात वेगळे ठेवा, दोन्हीला नुसतं 'फिरणं' म्हणू नका.

बेसाल्ट: 'बांधलेलं' नको, 'गुंतलेलं' हवं. क्वांटममध्ये गुंतणं (एन्टँगलमेंट) हा शब्द रुळलाय.

पोकळी: गुंतणं दोन कणांचं. एकाच फोटॉनच्या दोन गुणांना तो शब्द लावावा का, यावर आमच्याच क्षेत्रात एकमत नाही. पुस्तिकेत ते भांडण कशाला आणायचं?

मळीवाला: मला 'घडीव'च पटत नाही. घडीव दगड म्हणजे छिन्नीने काढून काढून उरलेला. इथे तर रचना घातलेली आहे. 'बांधीव' म्हणा, बांधीव विहिरीसारखं.

रानजाई: मग 'बांधीव शलाकेतल्या फोटॉनचं ध्रुवण जागेशी बांधलेलं' असं होईल, दोनदा बांधणं. आणि शलाका तरी का? सरळ झोत म्हणा.

बेसाल्ट: झोत पसरतो. शलाका सडसडीत असते. लेसरला शलाकाच हवी.