दोघेही खुनी निघाले तर? (रात्रीच्या रस्त्यावरचे अनुभव)

घाटवळण
परवा चिपळूणला जाताना कशेडीच्या बोगद्यातून गेलो. आत शिरलो, लेकीने गाणं बदललं, बाहेर आलो. संपला घाट! मी सहज म्हणाले, "याच घाटात आमचा भाऊकाका खुनी झाला होता." गाडी जावई चालवत होता. त्याचा पाय ब्रेकवर गेला.

तर भाऊकाका. महाडला गणिताचा मास्तर. ब्याऐंशी-त्र्याऐंशी साल असेल. खेडला कुणाच्या तरी बाराव्याला गेला होता, परतताना शेवटची एसटी चुकली. थंडीचे दिवस, भरणे नाक्यावर चिटपाखरू नाही. रत्नागिरीहून मुंबईला निघालेला मासळीचा ट्रक थांबला, हा चढला. क्लीनर नाही, ड्रायव्हर एकटा. त्याच्या पायाशी टॉमी, म्हणजे चाक काढायचा लोखंडी दांडा. घाट लागल्यावर त्याने गाडी उभी केली, मागे गेला, काहीतरी धाडधाड आपटलं आणि हात पुसत परत आला. फडकं लाल. मासळीच्या बर्फाचं पाणी लालसर असतं हे काकाला माहीत होतं. तरी.

मग ड्रायव्हर विचारतो, "घड्याळ एचएमटीचं का?" थोड्या वेळाने, "घरी माहितेय का, या गाडीनं येताय ते?"

काकाची टाळूच कोरडी पडली. याच्यापेक्षा आपण वाईट आहोत असं दाखवल्याशिवाय सुटका नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणाला, "घर कसलं? आजच सुटलो."
"कुठनं?"
"येरवडा. खुनाची होती."
ड्रायव्हरने बिडी ओढली. दोन वळणं गेली.
"किती?"
काका म्हणाला, "चौदा."

काकाने वर्षं सांगितली होती! जन्मठेप म्हणजे चौदा, त्याच्या डोक्यात तेच. गाडी क्षणभर दरीच्या बाजूला गेली आणि सावरली. पार पुढच्या उतारावर ड्रायव्हर अगदी बारीक आवाजात म्हणाला, "माझे दोन." तेव्हा कुठे काकाच्या डोक्यात प्रकाश पडला. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही म्हणून पोरांचे गुण कापणारा माणूस हा.

पोलादपूरला ड्रायव्हरने आग्रह करकरून ऑम्लेट-पाव खायला घातला, चहा पाजला, भाडं घेतलं नाही. महाडला उतरल्यावर काका घराकडे गेलाच नाही. घर कळायला नको म्हणून उलट्या दिशेने चालत सुटला आणि एसटी स्टँडवर बाकाखाली रात्र काढली. काकू सकाळी म्हणाली, माशांचा वास कसला येतोय.

काका थाप मारत होता हे आम्हाला ठाऊक. पण तो दुसरा? त्याचे "दोन" खरे होते का? दर दिवाळीला यावर वाद.

तुमचेही असे लिहा. भुतं नकोत, त्यांचे धागे पोत्याने आहेत. माणसांना घाबरलेलं हवंय.

टवाळतात्या
चौदा!!! मीटिंगमध्ये वाचलं. सगळे माझ्याकडे बघतायत.

कुडाळची_सून
बाकाखाली का पण? बाकावर झोपला असता तर काय झालं असतं

घाटवळण
@कुडाळची_सून बाकावर दिसला असता ना! मास्तरचं डोकं.

पंप_नंबर_तीन
बोगद्यात रेंज जाते का हो? पुढच्या आठवड्यात जायचंय, आईला सारखा फोन करायची सवय आहे.

सह्यभटक्या
अंड्याचे मेसेज आठवतात का? काचेवर अंडं मारतात, वायपर लावू नका, पाणी मारू नका, थांबू नका, मागे टोळी असते. प्रत्येक नातेवाइकाने किमान दोनदा पाठवलेला.

त्याच दिवसांत नाशिकहून रात्री येत होतो, मी आणि बायको. इगतपुरीच्या आधीपासून एक पांढरी गाडी मागे. मी हळू केली की ती हळू. पुढे जाऊ दिली तर थोड्या अंतरावर जाऊन परत हळू. बायकोने हँडब्रेकशेजारी फळं कापायची सुरी ठेवली. कसारा उतरताना तिने ११२ दाबून अंगठा हिरव्या बटणावर धरलेला. खाली उजेडाचं हॉटेल दिसल्याबरोबर गाडी आत घातली, तीही आत आली! त्यातून एक काका उतरले, हातात क्रिकेटची बॅट. मी सुरी घेऊन. मध्ये हॉटेलचा पोऱ्या फडकं घेऊन उभा.

काका ओरडले, "काय पाहिजे तुम्हाला? इगतपुरीपासून बघतोय!"

मग दोन्ही बायका एकदम बोलायला लागल्या. त्यांचं म्हणणं, आम्ही मुद्दाम हळू होऊन त्यांना पुढे काढतो आणि मागून येतो. आमचं म्हणणं तेच. पोऱ्याने विचारलं, चहा चार का?

टवाळतात्या
बॅट कुणाची होती, सीझन की टेनिस

सह्यभटक्या
प्लास्टिकची. नातवाची.

संत्रानगरी
ठगांचा विषय कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. हे एकमेकांना जोखणं आमच्या नागपूर-जबलपूर रस्त्यावर फार जुनं आहे. ठग अंगावर धावून येत नसत. सोबत करत. "वाट वाईट आहे, चोर आहेत, मिळून जाऊ" असं म्हणूनच जवळ येत. दिवसेंदिवस बरोबर चालत, जेवत, गाणी म्हणत. मग ठरलेल्या जागी म्होरक्या तंबाखू मागितल्यासारखं काही साधं बोले, तीच खूण. रुमाल गळ्याभोवती, आणि खड्डे बरेचदा आधीच खणलेले.

पुढे कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपुरात बसून माफीचे साक्षीदार केले. १८३६ च्या कायद्याने नुसतं टोळीत असणं सिद्ध झालं तरी जन्मठेप. या साक्षीदारांच्या जबान्यांत भाऊकाकांची आठवण यावी असे आकडे आहेत. बेहराम नावाच्या ठगाच्या नावावर ९३१ खून सर्रास सांगतात. त्याची जबानी बघा तर स्वतःच्या हातचे सव्वाशेच्या आसपास म्हणतो, बाकी ठिकाणी तो हजर होता. तेवढेही खरे की साहेबापुढे वजन वाढवलं, यावर अभ्यासक अजून भांडतात. कमी सांगितले तर साक्षीदार म्हणून किंमत कमी ना! नंतर यातल्या कित्येकांना जबलपुरात तंबू आणि गालिचे विणायला बसवलं.

आता अनुभव. कटनीकडे कामाला निघालो होतो, बरोबर ऑफिसातला एक पोरगा. शिवनीच्या आधी कुरई घाटापर्यंत मी त्याला हे सगळं रंगवून सांगत आणलं. पुढे रात्री स्लीमनाबादजवळ धाब्यावर थांबलो (हो, त्याच साहेबाच्या नावाचं गाव, हायवेवरच आहे). शेजारच्या खाटेवरचा म्हातारा गमछा झटकत उठला, याच्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भैया, तमाखू है क्या?"

पोरगं डाळीच्या वाटीसकट पळालं. ट्रकच्या टपावर सापडलं. चढलं कसं ते त्यालाही सांगता येत नाही.

कुडाळची_सून
वाटी?

संत्रानगरी
हातातच होती. धाबेवाल्याने बिलात लावली.

मालाडची_माई
मी नेहमी वाचते, लिहीत नाही. मुलगी डबे भरतेय तोवर लिहिते.

रस्त्यावरचं नाही पण रमण राघवच्या वेळचं आहे. १९६८. मी शाळेत होते. मालाड, कांदिवली, गोरेगाव तेव्हा अर्धं रान, उघड्यावर झोपणारी माणसं पुष्कळ, आणि सकाळी बातमी यायची. लोखंडी काहीतरी डोक्यात घालून मारलेलं असायचं. कोण, का, काही कळत नव्हतं. आई आम्हाला रात्री मोरीत सुद्धा एकटं सोडत नसे. चाळीतल्या पुरुषांनी गस्त सुरू केली. वडिलांकडे खलबत्त्याचा बत्ता, दुसऱ्यांकडे हॉकी स्टिक, आणि नवीनच लग्न झालेल्या एकाला बायकोने लाटणं दिलेलं.

पलीकडच्या वाडीनेही गस्त घातली हे यांना माहीत नाही! एका रात्री दिवे गेले आणि दोन्ही गस्ती एका गल्लीत समोरासमोर. यांना दिसला काळा माणूस हातात लोखंड घेऊन, त्यांनाही तेच दिसलं. "सापडला, सापडला" म्हणत दोन्हीकडून शिट्या. वडिलांच्या खांद्यावर आमच्याच दूधवाल्याची काठी बसली आणि त्याच्या गुडघ्यावर आमचा बत्ता. सकाळी तो लंगडत रतीब घालायला आला, दोघं एकमेकांकडे बघेनात.

ऑगस्टमध्ये रमण राघव सापडला. तपास रमाकांत कुलकर्णी साहेबांचा. आधी काही बोलेना, कोंबडी खायला मागितली, ती मिळाल्यावर मग बोलला, असं पेपरात आलं. वडील पक्के शाकाहारी. त्यांना खांद्याला आंबेहळद लावून बसलेले असताना हे वाचून दाखवलं. "त्याला कोंबडी आणि मला हा लेप," एवढंच बोलले.

फाशीची शिक्षा झाली होती, पण वेडाचा आजार निघाला म्हणून जन्मठेप केली. १९९५ साली वारला.

घाटवळण
माई, लिहीत जा हो! बत्ता अजून आहे का?

मालाडची_माई
आहे. वेलची कुटते त्यात.

पांझराकाठ
सगळं वाचून हसलो. पण मी साक्री तालुक्यातला, त्यामुळे एक लिहितोच. १ जुलै २०१८, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मोबाईलवर मेसेज. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षेकरी, बाजाराच्या दिवशी आलेले. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. तिथे जमलेल्यांना आपण गाव वाचवतोय असंच वाटत होतं. मालाडला दिवे वेळेत आले म्हणायचे.

सह्यभटक्या
हो. सुरी घेऊन उतरलो होतो मी, ते आता वेगळंच आठवतंय.

मालाडची_माई
बरोबर लिहिलंत.

बे_एरियातला_बंड्या
नेवाडाचा हायवे ५०. अमेरिकेतला सगळ्यात एकाकी रस्ता अशी त्याची जाहिरातच करतात, पाट्या आहेत तशा. मैलोनमैल काही नाही. रात्री पेट्रोल भरायला थांबलो, पलीकडच्या पंपावर एक दणकट दाढीवाला. दोघांनीही आपापल्या गाडीत बसून दारं लॉक केली. कुणीच उतरेना. शेवटी बायको म्हणाली, तू उतर, नाहीतर इथेच सकाळ होईल. मी दार उघडलं तर तो पेट्रोल न भरता निघून गेला. पुढचं गाव तासाभरावर होतं, पोचला की नाही देव जाणे. मला घाबरलेला पृथ्वीवरचा एकमेव माणूस.

टवाळतात्या
बंड्या, मी तुला शाळेपासून ओळखतो. त्याला पेट्रोल नकोच असेल.

मिरकरवाडा
हे लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. घाटवळण ताई, माझे आजोबा (आईचे वडील) तेव्हा मिरकरवाड्याहून क्रॉफर्ड मार्केटला मासळीचा ट्रक न्यायचे. त्यांची एक ठरलेली गोष्ट होती: "एकदा चौदा मुडदे पाडलेला माणूस माझ्या शेजारी बसला होता." आम्हाला वाटायचं फेकतायत. त्यांच्या गोष्टीत तो पैलवान होता, झुपकेदार मिशा, घोगरा आवाज.

घाटवळण
काय सांगताय!!! काका सव्वापाच फूट, जाड भिंगाचा चष्मा. आवाज भीतीने बसला असेल तेवढंच.

कुडाळची_सून
अंगावर काटा. ऑम्लेटचं विचारा, ऑम्लेट!

मिरकरवाडा
ऑम्लेटचं नाही आठवत. भजी म्हणायचे बहुतेक. दुसराही कुणी असेल, त्या रस्त्याने किती गाड्या जायच्या. घड्याळाचं मात्र त्यांना वेड होतं, कुणाच्याही मनगटाकडे आधी बघायचे. आणि "घरी माहितेय का" हे ते आम्हालाही विचारायचे, कुठेही निघालो की पहिला प्रश्न तोच.

"दोन"चं सांगते. आजोबांच्या गाडीखाली दोन माणसं गेली होती. हातखंब्याच्या पुढे, पहाटे, एका सायकलवर दोघं. आजोबांना झोप लागली होती. रत्नागिरीच्या जेलमध्ये काही महिने काढले त्यांनी. घरात हा विषय कुणी काढत नाही, आजी जाईपर्यंत आम्हा नातवंडांना माहीतही नव्हतं.

ते काकांना घाबरवायला म्हणाले नसतील. आजवर घरी ज्याबद्दल बोलता आलं नाही ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं असेल, आणि चौदावाला समोर बसलाय म्हटल्यावर तो काय नावं ठेवणार.

घाटवळण
आता काय लिहू. काका जाऊन बरीच वर्षं झाली. काकू आहे, तिला संध्याकाळी फोन करते. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

मिरकरवाडा
पाहिला. रात्री उत्तर देते, पोळ्या चालल्यात.

संत्रानगरी
धागा वाचनखूण.

पंप_नंबर_तीन
रेंजचं कुणी सांगितलं नाही

गजा_नाशिककर
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, विषय कळला साधारण. शनिवारी रात्री नाशिकहून ठाण्याला निघतोय, एकटाच आहे. कुणी येणार असेल तर सांगा, पेट्रोल अर्धं अर्धं. डिकीत जागा नाही फक्त, भरलेली आहे.

टवाळतात्या
कशाने?

गजा_नाशिककर
बहिणीचा मिक्सर आणि कांदे. का?