मदत हवी आहे: आजीचं जुनं सिंगर मशीन टाके सोडतंय

चाफेकळी_सांगली
लोकहो जरा लवकर मदत करा. आजीचं सिंगर माळ्यावरून काढलं, पुसलं, तेल दिलं, चाक छान फिरतंय पण टाके सोडतंय. चारपाच टाके नीट पडतात मग एक गाळतं. दोऱ्याच्या टेन्शनचा (ताणाचा) स्क्रू आवळून सैल करून बघितला, दोरा बदलला, सुईसुद्धा नवीन घातली, काही फरक नाही. इथला रिपेअरवाला हात लावायला तयार नाही, म्हणतो भंगारात घाला. ताईच्या बाळंतविड्याची दुपटी-झबली ह्याच मशीनवर शिवायची असं आईने ठरवलंय आणि दिवस भरत आलेत, तेव्हा नवीन घ्या असं कृपया कुणी सांगू नका.

गुंडीकाज
कुठलं मॉडेल? हाताचं की पायाचं? बॉबिन गोल आहे की लांब? सिंगरने शेकडो प्रकार काढलेत, नुसतं सिंगर म्हणून काय कळणार. फोटो टाका.

देशमुखवाडा
मोटर बसवून घ्या. आम्ही आमच्याकडच्या जुन्या मशीनला बसवली, एकदम स्पीड आला. पाय मारत कोण बसतंय आता.

गुंडीकाज
@देशमुखवाडा टाका सुटतोय तो मोटरने कसा धरेल? उलट जोरात सुटेल. आधी दोष काढू द्या.

चाफेकळी_सांगली
हाताचं आहे. फोटो अपलोड होत नाहीये. बॉबिन लांब आणि बारीक आहे, दोन्ही टोकांना चकत्या, ती होडीसारख्या टोकदार डबीत जाते. डावीकडच्या सरकपट्टीवर पेटंट असं लिहून पुढे बारीक तारखा आहेत, झिजल्यात, अठराशे एवढं दिसतंय. म्हणजे मशीन तेव्हाचंच ना? मग पार्ट मिळणारच नाहीत का?

लोखंडी_नांगर
नाही, पेटंटची तारीख म्हणजे मशीन बनल्याची तारीख नव्हे. पेटंट एकदा मिळालं की तीच तारीख पुढे वर्षानुवर्षं पट्टीवर छापत राहायचे. बुडावरचा सिरियल नंबर बघा. नुसते आकडे असतील तर साधारण 1900 च्या आधीचं, आकड्यांआधी इंग्रजी अक्षर असेल तर नंतरचं. तुम्ही सांगताय ते होडीवालं शटल सिंगरने 1885 च्या सुमारास आणलं, त्यात ते सरळ मागेपुढे न जाता कमानीत झुलतं. पुढे त्याचंच मॉडेल नंबर 27 आणि 28 झालं, 27 मोठं, 28 छोटं. लाखोंनी विकली गेलीत ही मशीनं, पार्ट मिळतील, घाबरू नका.

पुण्यभूमी
सिंगरसाहेबांनी बायकोचे कष्ट बघून हे मशीन शोधलं. महात्मा गांधींनी यंत्रांवर टीका करतानाही 1924 साली शिलाई मशीनला अपवाद म्हटलं होतं.

लोखंडी_नांगर
गांधीजींचं बरोबर आहे, पण शोध सिंगरचा नाही. टोकाला नेढं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा आणणारं शटल ह्याचं अमेरिकन पेटंट एलियास हाऊचं, 10 सप्टेंबर 1846. सिंगरचं 1851 चं, त्याने मशीन वापरायला सोपं आणि भक्कम केलं. हाऊ कोर्टात गेला आणि 1854 ला जिंकला, मग 1856 मध्ये भांडणाऱ्या कंपन्यांनी पेटंटं एकत्र केली आणि अमेरिकेत विकलेल्या मशीनमागे 5 डॉलर हाऊला मिळू लागले.

पुण्यभूमी
पण घराघरात पोचवलं कुणी? 1856 पासून हप्त्याने विकायला सुरुवात सिंगर कंपनीनेच केली. नुसतं पेटंट कपाटात ठेवून कुणाचे कपडे शिवून होत नाहीत.

लोखंडी_नांगर
ते मान्य, पण हप्त्यांची कल्पनासुद्धा त्याच्या भागीदाराची, एडवर्ड क्लार्कची. आणि हाऊच्याही आधी, 1830 नंतरच्या काही वर्षांत, वॉल्टर हंटने असंच मशीन करून ठेवलं होतं, त्याने तेव्हा पेटंटच घेतलं नाही. ह्याच हंटने 1849 मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि 400 डॉलरला विकून टाकलं. एवढा मोठा माणूस आणि आज कुणाला नावसुद्धा माहीत नाही, मला फार वाईट वाटतं.

सोनपावलं
शिवत बसू नका, विका! जुन्या सिंगरमध्ये लाल पारा असतो, लाखात जातं.

गुंडीकाज
ही अफवा कृपया पसरवू नका. 2009 मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा उठली आणि लोकांनी जुन्या मशीनला वाट्टेल ती किंमत मोजली. मशीनमध्ये पारा नसतो, लोखंड असतं.

@चाफेकळी नवीन सुई कुठली घातली? मागचा दांडा एका बाजूने चपटा आहे की पूर्ण गोल? आणि तेल कुठलं दिलं?

चाफेकळी_सांगली
गोल आहे. दुकानदाराने शिंप्यांच्या मशीनची म्हणून दिली, म्हणाला सगळ्याला चालते. तेल घरचं, खोबरेल. नंबरात नुसते आकडेच आहेत, अक्षर नाही.

गुंडीकाज
इथेच आहे तुमचं दुखणं. ती मोठ्या मशीनची सुई, तिचा दांडा बारीक असतो, तुमच्या पकडीत ती डगमगते आणि गोल असल्यामुळे कशीही फिरून बसते. 27-28 ला घरगुती मशीनची चपट्या दांड्याची सुई लागते, पाकिटावर 15x1 किंवा एचएx1 लिहिलेलं असतं, कुठेही मिळते. झबल्याच्या मलमलीला 11 नंबर घ्या, दुपट्याला 14.

आता नीट वाचा. सुई खाली जाऊन जराशी वर यायला लागली की दोऱ्याचा छोटा फासा तयार होतो, आणि त्या फाशातून शटलचं टोक जातं. फासा शटलच्या बाजूला झाला नाही किंवा सुई खाली राहिली तर टोक हुकतं, टाका गळतो. म्हणून सुई पार वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळा. सुईला एका अंगाने लांब खाच असते, त्या अंगाने दोरा ओवायचा, दुसऱ्या अंगाची छोटी खोबण शटलकडे. शटल टोकाच्या बाजूने आत, आणि त्याच्या पातळ पट्टीखाली धुरळा-सूत अडकलेलं असतं ते जाड कागद सरकवून काढा. टोकावर बोट फिरवून बघा, खरखर लागली तर पॉलिश पेपर हलकासा मारा.

वाळवण
खोबरेल लगेच काढा, ते घट्ट होऊन चिकटतं. रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि साधं मशीन ऑइल थेंब थेंब द्या, सोनेरी नक्षीवर मात्र रॉकेल लागू देऊ नका, ती उडते.

देशमुखवाडा
मोटर बसवली असती तर रिपेअरवाल्यानेच सुई बघितली असती.

चाफेकळी_सांगली
15x1 मिळाली. खाच कुठल्या अंगाला ते आईने बोटाने चाचपून सांगितलं, तसं ओवलं आणि जुन्या चादरीच्या तुकड्यावर मारून बघितलं, वरून एकही टाका गळला नाही. पण आता खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ येतेय. वरचं टेन्शन मी आधी बरंच फिरवलंय, ते मूळ जागी कसं आणायचं?

गुंडीकाज
खाली गुंतवळ म्हणजे वरचा दोरा सैल. मशीनचा कापड दाबणारा पाय खाली टाकून, दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांच्या मधून गेलाय ना ते बघा. मग स्क्रू पाव-पाव फेरा आवळत दर वेळी दोन इंच शिवून बघा. वर-खाली दोन वेगळ्या रंगाचे दोरे लावा, कुठला ओढला जातोय ते लगेच दिसेल. शटलच्या स्क्रूला तूर्त हात लावू नका.