वीस वर्षांच्या शेजाराने नाही कळलं ते एका कांताराने कळलं

अंत्रुजकरीण:
आमच्याकडे गोव्यात नाटक म्हणजे जत्रेतलं मराठी नाटक, तियात्र म्हणजे ख्रिस्ती लोकांचं कोकणी नाटक, ते आपलं नव्हेच असं लहानपणापासून ठरलेलं. गेल्या महिन्यात शेजारणीने ओढून मडगावला रवींद्र भवनात नेलं. दोन पडद्यांच्या मधे गाणं असतं, कांतार म्हणतात ना, त्यातलं एक तारवटीच्या (खलाशाच्या) बायकोचं होतं, नवरा बोटीवर, घरात टाईल्स आल्या टीव्ही आला आणि पोरगं बापाला ओळखेना. बघते तर शेजारीण रडतेय. तिचा नवरा वीस वर्षं बोटीवर होता आणि मी तिला कायम 'तुमचं काय बाई, डॉलरमधे पगार' म्हणत आले. फार लाज वाटली.

सांगेकर:
ताई, तुम्हाला कळलं ते तिच्या रडण्याने, गाण्याने नव्हे. आमच्याकडचे धालो बघा. पौषात रात्री बायका गात-नाचत मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, खेळतात, तो मांड पवित्र, तिथे कोणी चपला घालून जात नाही. तेच महोत्सवात स्टेजवर दहा मिनिटं, समोर सोफ्यावर पाहुणे, त्यांना कळतो फक्त साड्यांचा रंग. शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाणं लोक डोळे मिटून ऐकतात पण त्यांचं कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, लोक घरंदारं सोडून गेले, हे त्यातल्या किती जणांना माहीत आहे?

अंत्रुजकरीण:
स्टेजवरच्या धालोचं मान्य. पण शेजारीण वीस वर्षं भिंतीपलीकडेच होती की, कांतार नसतं तर ती माझ्यासमोर रडलीच नसती.

घुमटवाला:
मी चवथीच्या आरतीला घुमट, म्हणजे मातीचं चामडं लावलेलं वाद्य, वाजवतो, तेच घुमट मडगावकडे साष्टीत मांडोला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या कोकणी गाण्यालाही लागतं. 2019 मधे सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं, पण अजून कित्येकांना ते एकाच धर्माचं वाटतं. मित्राच्या लग्नात मांडोला बसलो तर हात आवरेना, आरतीत घुमट घुमवायची सवय आणि मांडो संथ, ताटातुटीचं गाणं. त्याच्या आजीने शब्द समजावले तेव्हा कुठे हात हळू पडला. नुसतं ऐकून मलाही नसतं जमलं.

सांगेकर:
हे पटलं. वाजवायला बसलात म्हणून आजी बोलली, सोफ्यावरच्या पाहुण्याशी कोण बोलणार? ताई, तुम्ही नंतर शेजारणीला काही विचारलंत का?

अंत्रुजकरीण:
विचारलं. तिने कपाटातून बिस्किटाचा डबा काढला, आत कॅसेटी. पोरगा बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज टेप करून बोटीवर पाठवायची, नवरा सुट्टीवर येताना त्या परत घेऊन यायचा. आता घरात टेपरेकॉर्डर नाही. आमचा जुना माळ्यावर आहे, रविवारी काढतेय.