नवीन जोडलेला संगणक: बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो

सांगलीकर:
नमस्कार. मुलगी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्यासाठी मी आयुष्यात पहिल्यांदाच सुटे भाग आणून संगणक जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (म्हणजे एटीएक्सपेक्षा लहान मापाचा) मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, एक ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) असे साहित्य आहे. कॅबिनेट मात्र हवा खेळती राहावी म्हणून मोठे, पूर्ण एटीएक्स मापाचे घेतले.

बटण दाबले तेव्हा प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरला, बोर्डावरचा दिवा एकदा लुकलुकला आणि सगळे शांत झाले. त्यानंतर बटण कितीही वेळा दाबले तरी काही होत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून, मिनिटभर थांबून पुन्हा चालू केला, की परत तोच अर्धा फेरा. रॅम काढून पुन्हा बसवली, २४ पिनांची वायर खटका ऐकू येईपर्यंत दाबली. दुकानदाराकडे बोर्ड बदलून मागावा काय?

निशाचर:
बोर्ड परत करण्याची घाई करू नये. नवखे लोक सर्वांत जास्त विसरतात ती प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर. ती ४ अधिक ४ अशी दुभंगते. ग्राफिक्स कार्डाची ६ अधिक २ अशी असते. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी एकीच्या जागी दुसरी चालत नाही. शिवाय एसएमपीएस बोर्डापासून सोडवून, २४ पिनांच्या कनेक्टरमधली पीएस-ऑनची (एसएमपीएसला चालू हो म्हणून सांगणारी) पिन वाकवलेल्या टाचणीने शेजारच्या ग्राउंडला जोडून पाहावी. त्याचा पंखा फिरला तर एसएमपीएस निर्दोष.

सांगलीकर:
वायर ४ अधिक ४ चीच आहे आणि नीट बसलेली आहे. टाचणीचा प्रयोग केला. एसएमपीएसचा पंखा न थांबता फिरत राहिला. म्हणजे दोष बोर्डाचाच ना?

दुरुस्तीवाला:
इतक्यात तसे म्हणता येणार नाही. टाचणीच्या प्रयोगात एसएमपीएसवर भार जवळजवळ नसतो, त्यामुळे तो जागा होतो एवढेच कळते, भार पेलतो की नाही हे कळत नाही. माझ्या मते आपल्या प्रश्नातली सर्वांत मोलाची माहिती वेगळीच आहे: मागचा स्विच बंद केल्याशिवाय बटणाला दुसऱ्यांदा दाद मिळत नाही. कुठेतरी शॉर्ट होऊन प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागला, की एसएमपीएस स्वतःला तोडून घेतो आणि भिंतीकडून येणारी वीज काही क्षण बंद होईपर्यंत बटणाचे ऐकतच नाही. रॅम सैल असती किंवा ८ पिनांची वायर राहिली असती, तर पंखे बहुधा फिरत राहिले असते आणि पडदा काळा दिसला असता.

तेव्हा कोणताही भाग बदलण्यापूर्वी बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढावा. तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवावा. चंदेरी पिशवीवर ठेवू नये, कारण तिच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. बोर्डाची मागची कड खोक्याच्या काठाशी आणावी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची पत्र्याची पट्टी खाली मोकळी लटकते आणि कार्ड सरळ बसते. प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, कार्ड आणि वीजपुरवठ्याच्या वायरी, बस्स. मग पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. त्या पिना कोणत्या हे बोर्डाच्या पुस्तिकेत पाहावे, अंदाजाने टेकवू नये. बाहेर चालला, तर दोष बोर्डाचा नसून कॅबिनेटचा आहे आणि माझा संशय स्टँडऑफवर, म्हणजे बोर्डाला कॅबिनेटच्या पत्र्यापासून वर धरणाऱ्या खुंट्यांवर आहे. आपण किती बसवले, आणि बोर्डाला भोके किती?

सांगलीकर:
आपण विचारलेत आणि मी कॅबिनेट आडवे करून मोजायलाच बसलो. बोर्डाला ६ भोके, आणि पितळी स्टँडऑफ मी बसवले होते ७. पिशवीत जेवढे निघाले तेवढे एटीएक्सच्या खुणेवर पिळून टाकले होते. सातवा बोर्डाच्या खालच्या अंगाला, जिथे भोकच नाही तिथे, सोल्डरच्या टाक्यांना भिडला होता. बोर्ड उलटा केला तर दोन टाक्यांवर पितळेचा पिवळा ओरखडा दिसला.

खोक्यावर ठेवून चालू केल्यावर पंखे थांबले नाहीत. पडदा मात्र पाच-सात मिनिटे काळाच राहिला आणि माझा धीर सुटला. शेवटी मुलगीच म्हणाली, “बाबा, केबल बोर्डाला का लावलीत, कार्डाला लावा ना.” तशी लावताच बायोसचा (बोर्डाच्या मूळ सेटिंगचा) पडदा आला.

दुरुस्तीवाला:
तिचे बरोबर आहे. रायझन ५ ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआय खोबणीतून काहीच येत नाही. ओरखडे आलेले टाके भिंगाखाली एकदा पाहावेत. शेजारच्या टाक्याशी धातूचा कीस चिकटलेला नसेल तर मऊ ब्रशने झटकून बोर्ड परत बसवायला हरकत नाही. रॅमची दुसरी पट्टी घालताना पुस्तिकेतील जोडी पाहावी. चार खोबणी असल्यास प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी.

सांगलीकर:
टाके स्वच्छ आहेत, सातवा स्टँडऑफ काढला, बोर्ड बसवला, कॅबिनेटमध्येही चालला. आता १६ जीबी दिसते. रॅम ३२०० ची घेतली होती, पण पडद्यावर २६६६ दाखवते. दुकानदाराने दुसरीच दिली काय?

निशाचर:
नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिचा जाहीर वेग देणारी सेटिंग) सुरू करेपर्यंत ती साध्या वेगानेच चालते. आणि टाचणीच्या प्रयोगावरून एसएमपीएसला निर्दोष ठरवण्याची घाई मी केली होती, ती चूक माझी.