ब्रिटिश म्युझियममधली चिनी दालनं : तीन तासांत काय बघावं, कसं बघावं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. लंडनच्या मुक्कामात एका शुक्रवारची संध्याकाळ मोकळी आहे, चार ते सात. हे तीन तास ब्रिटिश म्युझियममधल्या चिनी दालनांसाठीच ठेवायचं ठरलंय. ममी आणि रोझेटाचा शिलालेख या खेपेला नाही. सोबत आई आहे, वय ७२, गुडघे कुरकुरतात.

कुठल्या दारानं शिरावं, क्रम कसा लावावा, आणि ९५ नंबरच्या दालनात बघायचं तरी काय? तिथे म्हणे एकाच खोलीत सतराशेच्या आसपास भांडी मांडली आहेत आणि अर्ध्या तासात सगळी सारखीच दिसायला लागतात. चिनी मातीबद्दलचं ज्ञान कपबशीपलीकडे नाही, तेव्हा अगदी पहिल्यापासून सांगितलंत तरी चालेल.

उंबरठा

ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या खांबांच्या मोठ्या दाराकडे जाऊच नका. तिथे रांग मोठी, पुढे पायऱ्या, आणि आत गेल्यावर गर्दीतून अख्खी इमारत ओलांडावी लागते. मागच्या अंगाला माँटेग्यू प्लेसचं दार आहे, तिथून शिरा. रांग बहुतेक वेळा लहान असते आणि चिनी दालनं त्याच टोकाला आहेत. या दाराला रसेल स्क्वेअर स्टेशन जवळ, पण तिथे लिफ्ट असूनही फलाटापर्यंत काही पायऱ्या उरतातच. आईंसाठी टॉटनहॅम कोर्ट रोड बरं: फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट आहे, चालणं मात्र थोडं जास्त.

प्रवेश फुकट आहे, तरी वेळेचं फुकट तिकीट आधी काढून ठेवा. ४० × ४० × ५० सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा ८ किलोंपेक्षा जड बॅग आत नेऊ देत नाहीत. विमानतळावरून थेट सामानासकट येणारे इथेच अडकतात. शुक्रवारी रात्री ८.३० पर्यंत उघडं असतं, बाकी दिवशी ५ पर्यंत, त्यामुळे तुमचा दिवस उत्तम निवडला आहे. एखादं दालन ऐनवेळी बंद ठेवतात. त्या दिवशी सकाळी संकेतस्थळ बघून घ्या.

क्रम: आधी लिफ्टनं वर ९५, मग खाली ३३. बारीक बघण्याचं काम डोळे ताजे असताना उरका. ३३ मधल्या वस्तू मोठ्या, दमलेल्या डोळ्यांनाही झेपतात. ९५ ला सव्वा तास, ३३ ला पाऊण तास, उरलेला वेळ बसायला आणि मधल्या जिन्यातल्या बुद्धाला. हा संगमरवरी अमिताभ, इ. स. ५८५ चा, पावणेसहा मीटरच्या आसपास उंच. जिना त्याच्याभोवतीनं जातो, म्हणून पाय, छाती आणि चेहरा वेगवेगळ्या मजल्यांवरून समोरासमोर दिसतात. हात वेगळे घडवून बसवलेले होते, ते आता नाहीत. मनगटांशी नीट बघा.

३३ च्या एका अर्ध्यात चीन आणि दुसऱ्या अर्ध्यात दक्षिण आशिया आहे. आपली माणसं ओळखीच्या मूर्ती दिसल्या की तिकडे वळतात आणि चीन राहून जातो.

उपदेशाची प्रसिद्ध चित्रगुंडाळी (राजवाड्यातल्या स्त्रियांसाठीची) बघायची आशा ठेवू नका. उजेडानं रेशीम खराब होतं म्हणून ती वर्षातून जेमतेम सहा आठवडे ९१अ मध्ये मांडतात.

भट्टीचा_धूर

९५ मधला माल पर्सिव्हल डेव्हिड यांनी जमवलेला. हा माणूस १८९२ साली मुंबईत जन्मला, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकला. वडील सर ससून डेव्हिड, बँक ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष. (पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं ते डेव्हिड ससून वेगळे. नावांची ही अदलाबदल कायम गोंधळ घालते.) पर्सिव्हल यांच्या संग्रहातला बराचसा माल दहाव्या ते अठराव्या शतकातला आणि दरबारी दर्जाचा आहे. पेकिंगच्या राजवाड्यातून एका बँकेकडे गहाण पडलेल्या वस्तूही त्यांनी तिथे जाऊन विकत घेतल्या होत्या.

सगळं सारखं दिसतं कारण लोक चित्रं बघत सुटतात. चित्रांत ड्रॅगन आणि कमळंच. नजर तीन ठिकाणी न्या: काठ, बूड आणि झिलई (वरचा काचेसारखा थर) जिथे संपते ती रेघ. भांडं भट्टीत कसं ठेवलं होतं ते तिथे कळतं आणि त्यावरून ते कुठल्या भट्टीच्या घराण्यातलं ते ओळखता येतं. पाचच गोष्टी धरा.

१. डिंग. हस्तिदंती पांढरे वाडगे, काठाला तांब्याची किंवा तसल्याच धातूची पट्टी. पट्टी शोभेची वाटते, पण ती गरजेची आहे. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे वाडगे काठावर उपडे ठेवून, एकावर एक रचून भाजायचे. एका खेपेत जास्त माल निघे आणि पातळ वाडगा वाकत नसे. पण काठावर झिलई असती तर तो खालच्या आधाराला चिकटला असता, म्हणून काठ पुसून कोरडा ठेवायचे आणि खरखरीत कड नंतर धातूनं मढवायचे. बाहेरच्या अंगाला झिलईचे ओघळ दिसतील. हस्तिदंती झाक कोळशामुळे: कोळशाच्या भट्टीत हवा जास्त खेळते, लोह पिवळसर छटा देतं. लाकडाच्या धुरकट भट्टीत तेच लोह निळसर-हिरवं होतं.

२. रू. जगात शंभराहूनही कमी नग उरलेत आणि त्यातले काही इथे आहेत. पावसाळी आभाळ निवळताना दिसतो तसा निळा-हिरवा रंग, वर केसांसारखे तडे. तडे हा मुळात दोष: थंड होताना झिलई खालच्या मातीपेक्षा जास्त आकसली की ती फाटते. नंतर तेच सौंदर्य ठरलं. हे भांडं बुडासकट पूर्ण झिलईत बुडवलेलं असतं, मग भट्टीत टेकवायचं कशावर? मातीच्या बारीक टोकांवर. म्हणून तळाशी तिळाएवढे तीन किंवा पाच पांढरे ठिपके राहतात. एखादा नग तळ दिसेल असा मांडला असेल, तर आधी ते ठिपके शोधा.

३. डेव्हिड फुलदाण्या. साठ-पासष्ट सेंटिमीटर उंचीची निळी-पांढरी जोडी, हत्तीच्या मुंडक्यांचे कान. त्या कानांत पूर्वी कड्या होत्या. गळ्यावर केळीच्या पानांची रांग आणि त्यातच लेख: युश्यान जिल्ह्यातला चांग वनचिन हा भक्त कुटुंबाच्या सुखासाठी देवळाला एक धूपदाणी आणि दोन फुलदाण्या अर्पण करतो, चर्चंग कारकिर्दीचं ११ वं वर्ष, चौथा महिना. म्हणजे १३५१. धूपदाणी आजवर सापडलेली नाही. सारं महत्त्व त्या तारखेचं. उत्तम निळं-पांढरं काम मिंग काळातच, म्हणजे पुढच्या शतकात सुरू झालं असा समज होता. या जोडीनं दाखवलं की त्याआधीच्या युआन घराण्याच्या काळातच हात इतका बसलेला होता. पुढे अभ्यासक जॉन पोप यांनी हीच जोडी फूटपट्टी म्हणून वापरून इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या नगांची तारीख लावली.

काठापासून खाली या: शेवंती, केळीची पानं, फिनिक्स, कमळवेल, ढगांतला ड्रॅगन, लाटा, पिओनीची वेल, सर्वांत खाली शुभचिन्हांचे कप्पे. मग दोन्ही फुलदाण्यांवरचे ड्रॅगन एकमेकांशी ताडून बघा. जोडी म्हणून रंगवल्यात, पण साचा वापरलेला नाही, प्रत्येक रेघ हातची.

४. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा निळा, योंगल आणि श्वानद कारकीर्द. रेघेत जागोजाग काळपट, बुडबुड्यांसारखे डाग दिसतील. निळ्या रंगासाठी इराणकडून येणाऱ्या कोबाल्टमध्ये लोह जास्त. जिथे कुंचला रेंगाळला तिथे रंग साठून झिलईतून वर उसळला. अठराव्या शतकातल्या नकलाकारांनी हा परिणाम कुंचल्यानं ठिपके देऊन साधला. खऱ्यात डाग वाटेल तिथे पडतो, नकलेत रेघेवर शिस्तीत बसतो. श्वानदचा नग आणि त्याची नक्कल एका नजरेत पाहिलीत की फरक पक्का होतो.

५. कोंबड्यांचा कप. चंगह्वा कारकीर्द (१४६५ ते १४८७), वाटीएवढा, तोंड जेमतेम ८ सेंटिमीटर. कोंबडा, कोंबडी, पिल्लं. दोनदा भाजलेला: आधी निळ्या बाह्यरेषा झिलईखाली, १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, मग त्या चौकटींत लाल, हिरवा, पिवळा भरून कमी आचेवर पुन्हा. तिरपं बघितलंत तर निळा रंग काचेखाली दिसतो, बाकीचे वर बसलेले. असाच एक कप २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरवर गेला. लोक किंमत ऐकून येतात आणि ‘एवढासाच?’ म्हणून पुढे जातात.

एवढं झालं की उरलेल्या सोळाशे-सतराशेंवरून निवांत नजर फिरवा.

खापरशोध्या

वरच्या उत्तराशी सहमत, पण एक मोठी गोष्ट राहिली: तळाच्या शिक्क्यावर विसंबू नका. सहा अक्षरी शिक्का वरून खाली, उजवीकडून डावीकडे वाचायचा. पहिली दोन अक्षरं घराण्याची (‘महान मिंग’), मधली दोन कारकिर्दीची, शेवटची दोन ‘या काळात घडवलं’. कारकिर्दीचं नाव ओळखलं की लोक तारीख लागली म्हणून खूश होतात. पण कांगशीच्या काळातल्या (१६६२ ते १७२२) कितीतरी भांड्यांवर दोनशे वर्षं जुना चंगह्वाचा शिक्का आहे. दर वेळी फसवायचाच हेतू असे असं नाही. जुन्या काळाचा मान म्हणूनही लिहायचे. शिक्का शेवटी बघावा. आधी आकार, मग बुडाच्या कडेची उघडी माती, मग निळ्याचा पोत.

आणखी एक. या संग्रहाच्या कागदपत्रांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे नाव भेटेल. डेव्हिड जोडीतली एक फुलदाणी त्यांच्याकडून आली. मराठी वाचकाला लगेच १८१९ चा मुंबईचा गव्हर्नर आठवतो. तो हा नव्हे; हे विसाव्या शतकातले संग्राहक, एकरंगी भांड्यांचे शौकीन.

आता ३३ बद्दल. तिथे मी दोनच ठिकाणी थांबायला सांगेन. एक, ‘खांग हौ’ नावाचं ब्राँझचं पात्र, इ. स. पू. अकरावं शतक, आत २४ अक्षरांचा लेख. आपल्याकडची ओतीव मूर्ती मेणाची: मेण वितळून जातं, साचा फोडतात. शांग आणि चौ या प्राचीन घराण्यांच्या काळातल्या चिनी ओतकामाची रीत निराळी होती. आधी मातीचा नमुना, त्यावर ओल्या मातीचा थर, तो थर तुकड्या-तुकड्यांनी कापून काढायचा, आत मातीचा गाभा बसवून तुकडे पुन्हा जुळवायचे आणि मधल्या फटीत धातू ओतायचा. तुकडे जिथे जुळतात तिथे धातू बाहेर येऊन शिवण दिसते. ती लपवायला उभे, दातेरी कंगोरे काढले. शेजारच्या पात्रांवर असे कंगोरे शोधा आणि दोन कंगोऱ्यांमधला भाग साच्याचा एक तुकडा समजा. दालनाच्या दुसऱ्या अर्ध्यात मेणाच्या पद्धतीची भारतीय ब्राँझ आहेत. लगोलग तुलना करता येते, आणि त्यासाठी तिकडे वळलात तर हरकत नाही.

दोन, ल्यू थिंगश्युन या सेनापतीच्या थडग्यातला संच, मृत्यू ७२८. साधारण मीटरभर उंचीचे उंट, घोडे, मोतद्दार, अधिकारी आणि दोन लोकपाल (दिशांचे रक्षक). हो, आपलेच लोकपाल, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेले. हिरवा रंग तांब्याचा, तपकिरी-पिवळा लोहाचा. झिलई शिशाची असल्यानं कमी आचेवर पातळ होऊन ओघळते. म्हणूनच माणसांचे चेहरे बिनझिलईचे ठेवलेत. नाक-डोळे ओघळात बुडाले असते. चेहरे वेगळ्या रंगांनी रंगवायचे.

पाटीपेन्सिल

वा, हे तर शिकवणीच झाली. धन्यवाद. दोन उपप्रश्न: मोबाइलनं फोटो काढले की काचेत स्वतःचाच चेहरा येतो, त्यावर उपाय? आणि निघण्याआधी मुंबईत काही बघून डोळा तयार करता येईल का?

तिरपा_प्रकाश

फोटो काढू देतात. ट्रायपॉड आणि सेल्फी-काठी चालत नाही. गडद, बिनचमकीचा शर्ट घाला. पांढरा सदरा म्हणजे काचेत ट्यूबलाइटच. फोन काचेपासून बोटभर अंतरावर धरा, टेकवू नका, आणि भोवती तळहाताचा आडोसा करा. मागे दुसरी उजळ कपाट-पेटी असेल तर एक पाऊल बाजूला सरका. तिरप्या कोनातून तिचं प्रतिबिंब चौकटीबाहेर जातं. पांढऱ्या भांड्यावर फोन उजेड चुकीचा मोजतो आणि सगळं राखी करतो. भांड्यावर बोट दाबून धरा, मग उजेड किंचित वरखाली करा. झिलईचा खरा रंग फोटोत येतच नाही, तो डोळ्यांनीच बघून घ्या.

नगाचा क्रमांकही टिपा. डेव्हिड संग्रहाचे क्रमांक ‘पीडीएफ’नं (पर्सिव्हल डेव्हिड फाउंडेशन) सुरू होतात, फुलदाण्यांची जोडी म्हणजे बी ६१३ आणि बी ६१४. तो क्रमांक म्युझियमच्या ऑनलाइन सूचीत घातला की बुडाचे फोटो आणि लेखाचं भाषांतर मिळतं.

तडे, ठिपके बघायला साधी दुर्बीण उपयोगाची नाही, ती दोन-तीन मीटरच्या आत स्पष्ट दाखवत नाही. अर्ध्या मीटरवर फोकस होणारी मिळते (पेंटॅक्स पॅपिलिओ ६.५ × २१). आईंना वाकायला न लावता बाकावरून बघता येईल.

उंबरठा

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहातल्या चिनी वस्तू आहेत. तिथे एकच काम करा: प्रत्येक भांड्याच्या बुडाची उघडी कड बघा आणि निळ्या रेघेत काळपट डाग आहेत का ते शोधा. तासाभरात सवय लागते. हैदराबादला जाणं झालं तर सालारजंगमध्येही चिनी दालन आहे.

आणि हो, लंडनला ८.३० च्या आधीच रखवालदार दालनं रिकामी करायला लागतात. सातला निघायचं ठरलेलं असलं तरी ३३ शेवटच्या वीस मिनिटांवर ढकलू नका.