मंगळावरच्या गाडीचे फोटो तुम्ही कधीपासून बघताय?

गच्चीवरचा
जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणून काल हार्ड डिस्क चाळत होतो, तर 'ऑपी' नावाचा फोल्डर सापडला. आत ऑपॉर्च्युनिटीचे, म्हणजे नासाच्या मंगळावरच्या गाडीचे, शेकडो काळे-पांढरे फोटो. अख्खी दुपार त्यातच गेली. बायको दोनदा डोकावली, तिसऱ्यांदा चहा दारातच ठेवून गेली.

तर २००४ चा जानेवारी. ४ तारखेला तिची जुळी बहीण स्पिरिट मंगळावरच्या गुसेव विवरात उतरली आणि २५ ला ऑपी मेरिडियानीच्या मैदानात. आपल्याकडे रविवार सकाळ होती. दोघींकडून अपेक्षा ९० सोलची, म्हणजे मंगळाच्या ९० दिवसांची (तिथला दिवस आपल्यापेक्षा साधारण ४० मिनिटं मोठा). स्पिरिट सहा वर्षं टिकली, ऑपी चौदा. नासाने तेव्हा एक भारी गोष्ट केली. आलेले फोटो नटवायच्या भानगडीत न पडता तसेच नेटवर टाकायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांनी पाहिले की मागोमाग कोल्हापुरातल्या सायबर कॅफेत मी. फोटो वरून खाली एकेक पट्टी करत उघडायचा, आणि कॅफेवाल्याचं मीटर चालू.

लोकांना लँडिंग आठवतं. मला आठवतो तो ऑपीचा व्हिक्टोरिया विवर ते एंडेव्हर विवर हा रस्ता. २००८ ला निघाली ती ऑगस्ट २०११ ला पोचली. फोटोत रोज वाळूच्या लाटा, आणि मागे आपल्याच चाकांचे पट्टे. २००५ मध्ये अशाच एका लाटेत ती काही आठवडे रुतली होती, म्हणून मोठ्या लाटा टाळत वळसे घेत चालली होती. आज ७० मीटर, उद्या शंभर, परवा काहीच नाही. मग २००९ च्या मार्चमध्ये क्षितिजावर बारीक उंचवटा दिसला. एंडेव्हरची कड! तिथून पुढे मी रोज फक्त तो उंचवटा वाढला का तेवढंच बघायचो. ऑफिसात शेजारच्याला दाखवलं तर म्हणाला, "कालचाच फोटो आहे की."

तुमची गाडी कुठली, फोटो कुठला? लिहा. मंगळावर खेकडा दिसलेल्यांनी वेगळा धागा काढावा.

रात्रपाळी
क्युरिऑसिटी. ६ ऑगस्ट २०१२, सोमवार, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. मीटिंग चालू आणि माझ्या एका कानात इयरफोन. जवळजवळ टनभर वजनाची गाडी दोरांनी खाली सोडणार हे ऐकूनच पोटात गोळा आला होता. चाकाचा पहिला धुरकट फोटो आला आणि माझ्या तोंडून "उतरली!" निघून गेलं. साहेब म्हणाले, "कोण?"

चहाबाज
@रात्रपाळी 😂😂 मग काय सांगितलंत?

रात्रपाळी
"सर, बहीण. स्टेशनवर."

पेठकरीण
पर्सीव्हरन्स उतरली ती आपल्या घड्याळाने १९ फेब्रुवारी २०२१, पहाटे २:२५. शिवजयंती! खाली चौकात मंडळाची पोरं फुलांच्या माळा बांधतायत, वर मी मोबाइल घेऊन. आई उठली पाणी प्यायला. नासाची इंजिनिअर स्वाती मोहन बोलत होती, कपाळावर टिकली. आईला मंगळ, पॅराशूट, कशाशी देणंघेणं नाही. "बघ, कामावर टिकली लावून आलीये. नाहीतर तू." 🙄 अजून ऐकवते.

चहाबाज
आमच्याकडे सासूबाई. माझ्या पत्रिकेत मंगळ, लग्नाआधी त्यावरून बरीच चर्चा झालेली. आता मी रात्री फोटो बघत बसले की म्हणतात, "पत्रिकेतला कमी होता का गं?" पण त्याच मग चष्मा लावून शेजारी बसतात. परवा विचारत होत्या, तिथे वारा असतो तर वाळत घातलेले कपडे उडतील का. मी म्हटलं हवा आपल्या एक टक्का, रुमालही धड हलणार नाही. पटलं नाही त्यांना.

कुकर झाला, येते.

अण्णा७१
आमचा साताऱ्याला फोटो स्टुडिओ होता. डार्करूममध्ये उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे ह्या रोव्हरचे फोटो मला वेगळ्याच कारणाने आवडले. ऑपी आणि स्पिरिटचा मोठा कॅमेरा काळा-पांढराच फोटो काढायचा. पुढे फिल्टरचं चाक. एकच दृश्य एकेका फिल्टरमधून टिपायचं आणि ते आपण घरी एकावर एक चढवून रंग उभा करायचा. कुठला फिल्टर ते फाइलच्या नावातच एल२, एल५, एल७ असं लिहिलेलं असे. एल२ म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या लाल रंगाच्याही पलीकडचा, त्यामुळे नुसता लाल म्हणून वापरला की जमीन भडक यायची. ती ओढून जागेवर आणायची. मोजमापाला गाडीच्या पाठीवर एक छोटं सूर्यघड्याळ ठेवलेलं, कोपऱ्यांत रंगाच्या टिकल्या (पेठकरीणताईंच्या आईंना सांगा). त्या टिकल्या बरोबर दिसल्या की दगड बरोबर.

मुलगा म्हणायचा बाबा, नासावाले रंगीत टाकतातच की. टाकतात. पण स्वतः डेव्हलप केलेल्या फोटोची गोष्ट वेगळी, हे मोबाइलवाल्यांना काय सांगणार.

मावळतीचा फोटो सगळ्यांनी बघाच. दिवसा आकाश पिवळट-तांबूस, सूर्य बुडताना त्याच्याभोवती निळं. तिथली धूळ इतकी बारीक की निळा प्रकाश सूर्याच्या दिशेनेच जास्त पुढे येतो. आपल्या उलट सगळं.

सई_के
@गच्चीवरचा ती डिस्क भंगारात देऊ नका हो! लॅमिंग्टन रोडला जुनी डिस्क यूएसबीला जोडायची केबल मिळते, स्वस्त असते. माझ्या लग्नाचे फोटो असेच वाचले. (नंतर वाटलं नसते वाचले तरी चाललं असतं 😄)

गच्चीवरचा
डिस्क काढून ठेवलीये. आता चहा आत येतोय.

निमा
मला ऑपीचा शेवटचा फोटो अजून बघवत नाही. जून २०१८, धुळीचं वादळ. काळ्यावर पांढरे ठिपके, आणि खालचा भाग आलाच नाही. "माझी बॅटरी संपत आलीये, अंधार होतोय" वाचून मी लोकलमध्ये रडले होते.

रात्रपाळी
निमा, ते वाक्य तिने पाठवलं नव्हतं. शेवटी आली ती आकडेवारी, वीज किती उरली आणि आकाश किती काळवंडलं. एका पत्रकाराने तिचा अर्थ त्या शब्दांत मांडला आणि ते जगभर झालं. मग नासाने हजारावर संदेश पाठवले तिला. फेब्रुवारी २०१९ ला थांबले. तोवर ४५ किमी झाले होते, सगळं सूर्याच्या विजेवर.

निमा
माहीत झालं नंतर. तरी.

एलएचा_मावळा
मी लॉस एंजेलिसजवळ राहतो. जेपीएलच्या (हे रोव्हर बनवणारी नासाची प्रयोगशाळा) ओपन हाऊसला लेकीला नेलं होतं. मुलांना रांगेत पालथं झोपवून त्यांच्या पाठीवरून छोटा रोव्हर चालवतात. आमची ही इतकी खूश की पुन्हा रांगेत. घरी येऊन मला झोपवलं आणि पाठीवरून ट्रायसिकल.

तिचा लाडका मात्र दगड! पर्सीव्हरन्सच्या पुढच्या डाव्या चाकात २०२२ मध्ये एक खडा अडकला आणि वर्षभराहून जास्त फुकट फिरला. प्रत्येक फोटोत आधी "आहे का?" बघायचं. २०२३ ला पडला, तर रुसून बसली.

चहाबाज
क्युरिऑसिटीच्या चाकांना तर भोकं पडलीत. पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा.

अण्णा७१
तरी चालतेय. आमच्या गल्लीतून न्या म्हणावं.

पेठकरीण
दर ऑगस्टला "२७ तारखेला मंगळ चंद्राएवढा दिसणार" पाठवणाऱ्यांचं काय करायचं? ते २००३ चं आहे हो! तेव्हा खरंच हजारो वर्षांत आला नव्हता इतका जवळ आला होता. तरी साडेपाच कोटी किमी! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दरवर्षी गच्चीची किल्ली देतात.

बेसाल्ट
मेहकरचा आहे, म्हणून बोलणं भाग आहे. व्हिक्टोरिया विवर सुमारे ७५० मीटर. आमचं लोणार १.८ किमी! आणि अशनी थेट बेसाल्टवर (लाव्हाचा काळा खडक) आदळून झालेलं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे इथे येतात. स्पिरिटच्या गुसेवमधले दगडही बेसाल्टच. कॉलेजात पहिल्यांदा तिचे फोटो बघितले तेव्हा माझ्या मनात आलं, हे तर आमच्या माळावरचे धोंडे. सर मात्र ओळखीचे दगड दाखवून मार्क कापायचे.

सई_के
लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ना मध्ये?

बेसाल्ट
जून २०२०. खारं पाणी आटलं आणि त्यातले सूक्ष्मजीव माजले. आता तसं नाही. येणार असाल तर गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका.

एलएचा_मावळा
डिसेंबरमध्ये येतोय भारतात. लेक खाली उतरू शकेल का विवरात? आठ वर्षांची आहे.

बेसाल्ट
आरामात. सकाळी लवकर उतरा, पाणी बरोबर घ्या, माकडांना पिशवी दाखवू नका.

चहाबाज
आम्ही एप्रिलमध्ये जायचं म्हणतोय, मुलांच्या परीक्षा झाल्या की.

बेसाल्ट
एप्रिलमध्ये बुलढाणा? त्यापेक्षा गुसेव बरं.