सारकॉइडोसिस: आईच्या फुप्फुसांची क्षमता घसरतेय. स्टेरॉइड वाढवायचं की फायब्रोसिसचं औषध? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

आईला (वय ५६, सांगली) तीन वर्षांपूर्वी फुप्फुसांच्या सारकॉइडोसिसचं (प्रतिकारशक्तीच्या बिघाडामुळे अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होण्याचा आजार) निदान झालं. त्याआधी बऱ्याच जणांचं होतं तेच: एक्स-रेत गाठी दिसल्या म्हणून टीबीची औषधं सुरू झाली, कोर्स संपला तरी खोकला जाईना. शेवटी पुण्यात दुर्बिणीतून छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा उलगडा झाला.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर सुरुवातीला छान गुण आला. मग डोस कमी करत आणला आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू केलं. आता मात्र वर्षभरात एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडता येणारी हवा) १.९ लिटरवरून १.६ वर आलीय, डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता) अपेक्षित क्षमतेच्या ६२ टक्क्यांवरून ४८ वर. दोन्ही वेळा लॅब तीच, मशीन तेच. फुंकण्यात कमी पडली असंही नाही; टेक्निशियन 'अजून, अजून, सोडू नका' म्हणत होता आणि आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकत होती. एफव्हीसी १० टक्क्यांनी घटली तरी गांभीर्याने घ्यायचं असतं, ही तर त्याहून जास्त आहे. सहा मिनिटं चालवलं तर ऑक्सिजन ९६ वरून ८७ वर आला.

आमचे डॉक्टर म्हणतात, आजार पुन्हा उफाळलाय, म्हणजे सूज वाढलीय, स्टेरॉइड वाढवू. दुसरीकडे दाखवलं, त्यांनी एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईने केलेला सीटी स्कॅन) बघून सांगितलं की वरच्या भागात फायब्रोसिस (कायमचे व्रण) होऊन फुप्फुस आखडलंय, तिथे स्टेरॉइडचा उपयोग नाही, निंटेडॅनिबचा (फायब्रोसिसची वाढ मंदावणारं औषध) विचार करा. स्टेरॉइडने आईची शुगर आधीच वाढलीय, त्यामुळे उगाच डोस वाढवायला मन धजत नाही. पण सूज खरंच असेल आणि आम्ही थांबलो, तर जी क्षमता जाईल ती परत येणार नाही.

सूज किती आणि फायब्रोसिस किती हे कळायला कुणी पेट स्कॅन केलाय का? त्यामुळे उपचार बदलले का? डीएलसीओ इतकी घसरल्यावर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब बघायला इको सांगितला होता का? आमच्याकडे हा विषय निघालेलाच नाही, पुढच्या भेटीत मीच विचारणार आहे. निंटेडॅनिबने जुलाबाचा त्रास कितपत होतो, आणि घसरण मंदावली का?

कृपया हाडांसाठी कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवू नका. या आजारात रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं आणि आईचं वाढलं होतं.

सांगली, कोल्हापूर, पुणे भागात सारकॉइडोसिसचे बरेच पेशंट बघणारे छातीविकारतज्ज्ञ माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.